खोकणारा तितर

कुरुंदा
८ फेब्रुवारी २०२५

प्रतिक्षा,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. पण माझे आशीर्वाद तुला सध्या चालतात की नाही ते माहीत नाही, म्हणून राखून ठेवले आहेत. लागतील तेव्हा माग.

निम्म्या गावाचे अर्ज मी लिहिले. तहसीलदाराला, वीज मंडळाला, माहेरी रुसून बसलेल्या बायकांच्या भावांना. माझं पत्र वाचून रुसलेल्या बायका नांदायला परत आल्या, हे सगळं गाव सांगेल. आणि स्वतःच्या लेकीची समजूत काढायला बसलो तर तीन दिवसांत चार ओळींच्या पुढे गाडी जाईना. पण लिहिल्याशिवाय इलाज नाही. तू माझा फोन उचलत नाहीस. आईशी बोलताना मागून माझा आवाज आला तरी फोन ठेवतेस. बंगळूर इतकं लांब आहे हे मला महिन्याभरापूर्वीपर्यंत जाणवलं नव्हतं.

मुद्द्याचं बोलतो. ओढ्याकाठची बोराटी मी मोडली, हे खरं आहे. ते दहा गुंठे तुझ्या जिवाचे होते, हेही खरं. तू तुझी हिरवी डबी तिथल्या हिवराच्या झाडाला बांधलीस, दिवस उगवताना आपोआप सुरू होऊन रानातले आवाज टिपणारी, तेव्हा माझ्याकडून शब्द घेतलास: 'दादा, माझं शिक्षण पुरं होईपर्यंत इथल्या काडीलाही हात लावायचा नाही.' मी शब्द दिला होता. पण रानडुकरं माजली होती बाई. गेल्या उन्हाळ्यात एका डुकरानं त्या बोराटीतून निघून तुझ्या आईला धडक दिली. तिचा पाय महिनाभर सुजला होता, तिला विचार. मग मी काय करायला हवं होतं? बायकोचा पाय बघायचा की बोरी बघायच्या?

राहिलं ते आवाजाचं. ते तू धरून बसलीस तेवढं मोठं नाही. बाप चुकला म्हण आणि सोडून दे.

इकडे हळद शिजवणी चालू आहे. कुकरच्या वाफेनं अंगाला सगळीकडे हळदीचा वास लागला आहे. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस.

दादा

कुरुंदा
२ मार्च २०२५

प्रतिक्षा,

मागच्या पत्रातलं डुक्कर खोटं आहे.

झालं असं, की मी काय लिहिलं ते तुझ्या आईनं पत्र टाकल्यावर विचारलं. मी सांगितलं. ती हळद उलटीपालटी करत होती, ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, "आवं, मी बांधावरून घसरले व्हते. डुकराचं तोंड तर म्या अजून बघितलं न्हाई. तुमच्या पापात माझा पाय काहून घालून राहिले?" त्यानंतर दोन दिवस भाकरी माझ्यापुढे जरा जोरातच आदळली. द्वारकाबाईचा राग तुला माहीत आहे, तोच तुझ्यात उतरला आहे.

तेव्हा आता खरं लिहितो, आणि ते डुकरापेक्षा फार लहान आहे. मला हळद वाळवायला सपाट जागा हवी होती. बस, एवढंच. आपली हळद दरवर्षी जगनच्या रानात वाळायची. शेजारी चांगला आहे, कधी नाही म्हणाला नाही, पण आधी त्याची हळद उचलली जायची आणि मग आपली पडायची. गेल्या वर्षी ११ मेला त्यानं बांध सरळ करायला जेसीबी आणला होता. बांधावरून मला ओरडून म्हणाला, "भागवतराव, मशीन उभंच हाय. तुमचं काही करायचं का?" आणि मी हात केला. बोराटीकडे नुसता हात केला, मोडा असं तोंडानं म्हणालोसुद्धा नाही. डबीचा हिवर तेवढा ठेवा म्हणालो, तो ठेवला.

पावणेदोन तास लागले. माझ्या आजोबांच्या आधीपासूनची बोराटी होती ती. आतून कोण कोण पळालं ते बघायला मी थांबलो नाही. चहा प्यायला घरी आलो. परत गेलो तेव्हा जागा अंगणासारखी झाली होती आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. किती हळद मावेल याचा अंदाज घेत मी चालून बघितली.

दिलेल्या शब्दाची आठवण मला नऊ दिवसांनी झाली, तीही तुझ्या फोनमुळे. २० मेला तू फोन केलास. तुझा पहिला प्रश्न, "दादा, तितर कसे आहेत?" माझं कसं आहे हे विचारायच्या आधी तितर! मी म्हणालो, मजेत आहेत. तू हसलीस. मग म्हणालीस की चौदा गावांत चौदा डब्या आहेत, बाळापूर, हट्टा, सगळीकडे, पण न मोडलेल्या काटवनातली एवढी एकच चांगली जागा उरली आहे आणि तुझा सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे. म्हणालीस, "तुमच्यामुळं दादा."

त्या वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, आठ दिवस बोलली नसतीस, आणि नंतर मोडलेल्या जागांच्या यादीत आपली जागा लिहून मोकळी झाली असतीस. ते मला आता कळतं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडातून मजेत आहेत एवढंच निघालं, आणि एकदा ते निघाल्यावर तितर मजेत ठेवणं माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हिवराखाली जाऊन उभा राहिलो. डबीचा लाल दिवा लागला. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तितराचा आवाज काढला.

दादा

कुरुंदा
३० मार्च २०२५, पाडवा

प्रतिक्षा,

आज गुढी उभारली. तुझी आई म्हणाली, पोरीला आशीर्वाद कळवा. कळवतो. ते माझे नाहीत, तिचे आहेत, तेव्हा घ्यायला हरकत नाही.

तुझ्या त्या जानेवारीतल्या सभेचं तिनं मला सगळं सांगितलं. इतके दिवस मी विचारत होतो आणि ती टाळत होती. म्हणत होती, "तुमाला आयकायचं नसन." मी म्हणालो, ऐकायचं आहे. मग तिनं सांगितलं आणि खरंच, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मोठा हॉल. देशभरातून आलेली, रानातले आवाज अभ्यासणारी माणसं. तू उभी राहून सांगत होतीस की मराठवाड्यातल्या एका शेतात एका उन्हाळ्यात किड्यांचा आवाज निम्म्यावर आला, सातभाई गेले, चंडोल गेला, पण तितर जसाच्या तसा टिकून आहे. हे नवल आहे, असं कुठेच दिसलं नाही, असं तू म्हणालीस आणि लोक लिहून घेऊ लागले. मग त्यांना ऐकवावं म्हणून तू एक तुकडा मोठ्या स्पीकरवर लावलास. तितर बोलला. पुन्हा बोलला. आणि मग खोकला.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि मग सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, शेतातून कोणी गडी चालला असेल. पण तू सत्तावीस वर्षं तो खोकला ऐकला आहेस. तू तिथेच खाली बसलीस, असं आई म्हणाली. रात्रभर बसून तू सगळे तुकडे पुन्हा ऐकलेस. दिवा लागल्यावर मोजून तीन श्वासांनी तितर बोलतो, रोज, शंभराहून जास्त दिवस. मग तू स्वतःच जाऊन तुझ्या मॅडमना सांगितलंस की माझ्या बापानं हे केलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षांचं काम बाजूला ठेवावं लागेल.

तंबाखू सोडा म्हणून तू माझ्या किती मागे लागली होतीस. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? सोडली असती तर सापडलो नसतो. असा तुझा बाप आहे.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. तितर काढायला मला तुझ्या आजोबांनी शिकवलं. जीभ टाळूला लावून गालातून वारा सोडायचा. ते शिकारीसाठी काढायचे, मी नुसता गमतीसाठी. तुला खांद्यावर घेऊन काढायचो तेव्हा तू टाळ्या वाजवायचीस. गेल्या वर्षी पहिले दोन दिवस नीट निघाला नाही, तिसऱ्या दिवसापासून निघायला लागला, आणि मग मला त्यात चव यायला लागली. तितरानंतर होला घातला, टिटवी घातली, जूनमध्ये पावशाही घातला. एका सकाळी तांड्यावरचे मोहनसिंग शेरडं घेऊन ओढ्यापलीकडून चालले होते. तितराचा आवाज ऐकून शेरडं तिथेच सोडून पळत आले. त्यांना वाटलं, तितर परत आले. मला तोंडाशी हात धरलेला बघून ते उभेच राहिले. म्हणाले, "भागवतभाऊ, कोणाला बलावून राहिले?" मी म्हणालो, कोणाला नाही, घसा मोकळा करतोय. त्यांनी त्या सपाट जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेरडांकडे परत गेले. तेव्हापासून ते राम राम घालतात, पण थांबत नाहीत.

एक गोष्ट मला जमली नाही. तू एकदा लॅपटॉपवर आवाजांचं चित्र दाखवलं होतंस. खाली होल्याचं घुमणं, त्यावर सातभाईंचा कालवा, सगळ्यांत वर किड्यांची किरकिर, आणि प्रत्येकाची आपापली पट्टी. म्हणाली होतीस, एखादा जीव गेला की त्याची पट्टी रिकामी दिसते. रान डोळ्यांना कितीही हिरवं दिसो, कानाला खरं कळतं. मी माझ्या गळ्यात बसतील तेवढ्या पट्ट्या भरल्या. किड्यांची कशी भरणार? ती रिकामी राहिली आणि तू त्या रिकाम्या पट्टीचं कारण शोधत बसलीस. शेजारच्या फवारणीमुळे असेल, पाऊस उशिरा आला म्हणून असेल. मला फोनवर विचारायचीस, "दादा, जगनकाका कोणतं औषध मारतात?" आणि मी तुला औषधाचं नाव वाचून दाखवायचो. डबा हातात धरून, चष्मा लावून.

मला वाटलं होतं मी तुझ्या आनंदासाठी करतोय. हे मी तुझ्या आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तिच्या आनंदासाठी न्हाई. तिनं तुमाला चांगलं म्हणावं म्हणून." गुढीला नैवेद्य दाखवायचा होता म्हणून ती तेवढंच बोलून आत गेली.

दादा

कुरुंदा
११ मे २०२५

प्रतिक्षा,

आज वर्ष झालं. तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. ठीक आहे. रुसलेल्या बायकांच्या भावांना मी लिहायचो तेव्हा त्यांची उत्तरं यायची, कारण त्यांच्याशी मी काही केलेलं नसायचं.

या वर्षी आपली हळद तिथे वाळवली नाही. वाळवायला नेली होती, पण तुझ्या आईनं पाटी उचलायला नकार दिला. म्हणाली, जगनच्या रानात टाका. जगन हसला. मग ती जागा तशीच ठेवली. वाटलं, मोकळी सोडली तर काहीतरी उगवेल. गाजरगवत उगवलं, कंबरेएवढं. त्यात काहीच बोलत नाही ग. किडासुद्धा नाही.

मी सकाळी जाऊन बसतो. तोंडानं काही करत नाही, नुसता बसतो. तू लहानपणी डोळे मिटून ऐकायला लावायचीस तसा ऐकतो. पहिल्यांदा पाण्याच्या मोटारीचा आवाज येतो, मग बाळापूरच्या रस्त्यावरचे ट्रक. तारेवर होला असतो, कावळे असतात. कोणाचा तरी ट्रॅक्टर. आणि मधे मधे काही येतच नाही, अशी मोठी जागा असते. बोराटी होती तेव्हा मी तिथून हजार वेळा गेलो असेन, आणि मला कोणी विचारलं असतं की इथे काय ऐकू येतं, तर मी म्हणालो असतो, काही नाही, सकाळची वेळ आहे, शांत आहे. ते शांत नव्हतं. शांत म्हणजे काय ते मला आत्ता कळलं, बावन्नाव्या वर्षी.

चांगल्या शब्दांत माफी मागायला मला येते. लोकांसाठी कितीतरी वेळा मागितली आहे. तुझ्यासमोर ते शब्द चालत नाहीत. मी खोटं बोललो आणि तुझी दोन वर्षं वाया गेली. तू हॉलमध्ये खाली बसलीस ते मला दिसतं. मी तिथे नव्हतो तरी दिसतं, रोज दिसतं. जेवताना दिसतं.

परत ये असं लिहिणार होतो, पण तो हक्क माझा राहिलेला नाही. आईला भेटायला मात्र ये. येशील तेव्हा मी हट्ट्याला बहिणीकडे जाऊन राहीन. दोन दिवस आधी तिला कळव म्हणजे झालं.

दादा

कुरुंदा
२४ जून २०२५

प्रतिक्षा,

काल तुझ्या आईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं मला वाचून दाखवला आणि मग फोनच माझ्या हातात दिला. मी तो उभ्यानं चार वेळा वाचला. 'दादांना विचार, कोणत्या तारखांना आणि किती वाजता आवाज काढले. नक्की सांगितलं तर बाकीचे तुकडे वापरता येतील, असं मॅडम म्हणतात. आणि गेल्या वर्षीच्या २३ जूनच्या सव्वासहाच्या तुकड्यात दोन तितर आहेत. दुसरा माणूस कोण होता?' माझं नाव तू पाच महिन्यांनी घेतलंस. दादांना विचार. मी ओसरीत जाऊन रडलो, सांगायला लाज नाही.

आधी तारखा. २१ मे ते २८ सप्टेंबर २०२४, म्हणजे डबी उतरवून तुला पाठवली त्या दिवसापर्यंत. साडेपाचच्या आणि सव्वासहाच्या तुकड्यात मी आहे. सातच्या तुकड्यात मी कधीच नाही, कारण सातला रस्त्यानं माणसं जायची आणि मला लाज वाटायची. म्हणजे सातचे सगळे तुकडे खरे. ९ ते १२ जुलै मला ताप होता, ते चारही दिवस खरे. १९ ऑगस्टला राखीला बहिणीकडे होतो आणि २ सप्टेंबरला पोळ्याची बैलं धुवायला होतो, हे दोन्ही दिवस खरे. बाकी सगळे दिवस माझे. आईनं समोर बसून माझ्याकडून तीन वेळा म्हणून घेतले, चूक नाही.

आता दुसरा माणूस.

काल संध्याकाळी मी जगनकडे गेलो. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो भला माणूस आहे. म्हणाला, "माझं नाव लिवा. जगन बी संगं तितर काढत व्हता म्हणा. मला कुठं पोरीच्या हॉलात जायचं हाय? पोरीचं काम झालं, तुमची तकलीफ गेली." मी घरी येईपर्यंत तसंच लिहायचं ठरवलं होतं. तू ती ओळ वाचली असतीस, दोन्ही आवाज खोडले असतेस आणि तुझं काम पुढे गेलं असतं. कदाचित तू घरीही आली असतीस. खोट्यासाठी यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. आणि खरं लिहिलं तर हे पत्र वाचून तू पुन्हा कधी माझं नावसुद्धा घेणार नाहीस, असं मला वाटतं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

दुसरा माणूस नव्हता.

त्या दिवशी सव्वासहाचा दिवा लागला. मी हाक दिली, दुसरी दिली. तिसरी द्यायच्या आधी ओढ्यापलीकडून उत्तर आलं. पाच आठवडे मी रोज एकटाच बोलत होतो आणि आज कोणीतरी बोललं. मी पुन्हा काढला, तो पुन्हा बोलला, आणि या वेळी जवळून. तुझे आजोबा सांगायचे, नर असाच येतो. त्याच्या जागेत दुसरा नर बोलला की त्याला राहवत नाही, भांडायला येतो. त्याला वाटलं असणार, आपली जागा परत झाली आणि तिच्यात कोणी दुसराच येऊन बसला.

तो ओढ्यातून वर आला. मान ताठ, छाती पुढे, पळत. त्या सपाट जागेच्या कडेला थांबला, इकडेतिकडे बघितलं. त्याला काही ओळखू येत नव्हतं. मी तिथेच थांबायला हवं होतं, प्रतिक्षा. तोंड बंद केलं असतं तर तो मागे फिरला असता. पण मला बोलणं थांबवायचं नव्हतं. मी आणखी एकदा काढला. तो उत्तर देत देत मोकळ्यात आला, पार मधोमध.

आपला शेरू माझ्यासोबत रोज यायचा आणि पायाशी बसायचा. तो केव्हा उठला ते मला कळलं नाही. बोराटी असती तर तितर दोन पावलांत आत शिरला असता. तिथे दडायला एक काडी नव्हती. तो उडायला गेला, पण जमिनीवरून उठायला त्याला वेळ लागला. तुकड्याच्या शेवटी फडफड आहे, ती तुला ऐकू आली असेल. ते त्याचे पंख आहेत. कुत्र्याचा दोष नाही, त्याला कधी बांधून ठेवलंच नव्हतं.

मी त्या तितराला हिवराखाली पुरलं. गळ्याखाली पिवळट ठिपका आणि भोवती काळी रेघ होती, मोठा नर होता. हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा जाऊन उभा राहिलो. २८ सप्टेंबरपर्यंत रोज उभा राहिलो. उत्तर एकदाही आलं नाही. सुरुवातीला मी तुझ्या डबीसाठी आवाज काढत होतो, पण त्या दिवसानंतर मी कोणासाठी काढत होतो ते मला सांगता येणार नाही.

तुला माझ्याकडून आणखी काही नको असेल तर हे शेवटचं पत्र समज, मी वाईट मानणार नाही. फक्त काम करताना एवढं बघ. त्या सव्वासहाच्या तुकड्यातला पहिला आवाज माझा आहे, तो खोड. दुसरा खोडू नकोस. तो खरा तितर आहे, आणि मी बोलावलं म्हणून आला होता.

दादा